गुण जरूर द्या, पण डिस्प्लेची किंमतही छापा

प्रति,
माननीय सचिव व अधिकारीवर्ग,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली

विषय: मोबाईलच्या रिपेअरेबिलिटी इंडेक्समध्ये सुट्या भागांची किंमत धरण्याबाबत

स. न. वि. वि.

मी मोबाईल दुरुस्त करतो. २००६ साली मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात हाताखाली राहून काम शिकलो, तीन वर्षांनी गावाकडे परतलो आणि तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर आठ बाय दहाचा गाळा भाड्याने घेतला. आजही तिथेच बसतो. टेबलावर हॉट एअर, मायक्रोस्कोप आणि डीसी सप्लाय, मागे भिंतीला प्लॅस्टिकचे खण, त्यांत स्क्रू, चार्जिंग जॅक, फ्लेक्स, आयसी. हे पत्रही याच टेबलावर बसून लिहितोय.

तुमच्या विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या रिपेअरेबिलिटी इंडेक्ससाठी समिती नेमली, आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. ती बातमी मी दोनदा वाचली आणि कापून ठेवावी तशी फोनमध्ये जपून ठेवली. कोणता फोन दुरुस्तीला किती सोपा, याचे गुण कंपनीने जाहीर करायचे, असं त्यात सुचवलंय. ते दुकानात, ऑनलाइन विक्रीच्या पानावर आणि खोक्यावरच्या क्यूआर कोडमध्ये दिसायला हवेत. गिऱ्हाईक फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेल आणि रॅम किती एवढंच विचारतं. ‘बिघडला तर काय?’ हा प्रश्न त्याला पडतो तो थेट माझ्या टेबलापाशी. तो खरेदीच्या वेळीच पडावा असं तुम्ही मनावर घेतलंत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

पण गुण कशाकशाचे, तिथवर वाचत आलो आणि अडलो. फोन उघडायला किती टप्पे लागतात, दुरुस्तीची माहिती मिळते का, सुटे भाग वाजवी वेळेत मिळतात का, सॉफ्टवेअर अपडेट किती काळ मिळणार, हत्यारं कोणती लागतात, स्क्रू आणि जोडण्या कशा आहेत. अशा सहा बाबी. माझ्या टेबलावर ‘करूया’ की ‘राहू द्या’ हे ज्या बाबीवर ठरतं, ती या सहांत कुठेच नाही. ती म्हणजे भागाची किंमत.

गेल्या खरिपातली गोष्ट सांगतो. शेजारच्या गावचे एक काका फोन घेऊन आले. बांधावर पडून डिस्प्ले गेला होता. अडीच वर्षांपूर्वी साडेबारा हजाराला घेतलेला फोन. बाकी सगळं ठणठणीत, बॅटरी चांगली, बोर्ड चांगला. ई-पीक पाहणी करायची होती. तिच्यात शेतात उभं राहून, फोनच्या लोकेशनसकट पिकाचा फोटो काढावा लागतो, आणि तिला मुदत असते. मी म्हटलं, काका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन या, ओरिजिनल डिस्प्ले टाकून घ्या. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी. एक दिवस मोडून ते जाऊन आले. दर सांगितला होता सहा हजार दोनशे. जुन्या बाजारात तो फोन तेव्हा चार हजारालाही कुणी घेतला नसता.

मग माझ्याकडचा कॉपी फोल्डर. आमच्या धंद्यात डिस्प्ले आणि टच एकत्र असलेल्या भागाला फोल्डर म्हणतात. एकोणीसशे रुपये. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हा ओरिजिनल नाही, उन्हात फिका दिसेल, टिकेल किती याची खात्री देत नाही. दुसरा मार्ग नव्हता. दोन महिन्यांत टच आपोआप चालायला लागला, न दाबता नंबर लागायचे. पीक पाहणी शेवटी पुतण्याच्या फोनवरून केली आणि दिवाळीत हप्त्यावर नवा फोन घेतला. जुना माझ्या खणात पडून आहे.

आता तो फोन तुमच्या सहा बाबींवर तपासून बघा. मागचं झाकण गरम करून दहा मिनिटांत निघतं. स्क्रू साधे, कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या ड्रायव्हरने सुटणारे. डिस्प्लेची केबल वरच आहे, बोर्ड काढावा लागत नाही. डिस्प्ले सर्व्हिस सेंटरला आठ दिवसांत यायचा होता, अपडेटही अजून येत होते. म्हणजे त्या फोनला चांगले गुण पडले असते. खोक्यावर ते छापले असते, आणि काकांनी ते बघूनच फोन घेतला असता. जो फोन दुरुस्त करणं त्यांना परवडलं नाही, त्यालाच आपण ‘दुरुस्तीला सोपा’ म्हटलं असतं.

या सहा बाबी युरोपातल्या आहेत हे मला माहीत आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोनच्या खोक्यावर जे लेबल लागतं, त्यातल्या दुरुस्तीच्या श्रेणीचा हिशेब याच सहांवर होतो. उघडण्याच्या टप्प्यांना २५ टक्के वजन, उरलेल्या पाचांना प्रत्येकी १५. किंमत तिथेही गुणांत नाही. पण तिथे गुणांच्या मागे पक्के नियम उभे आहेत: फोनची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं महत्त्वाचे भाग मिळाले पाहिजेत, मागितल्यावर ५ ते १० कामाच्या दिवसांत पोहोचले पाहिजेत, विक्री थांबल्यापासून किमान ५ वर्षं सॉफ्टवेअर अपडेट आले पाहिजेत, आणि भागांच्या सूचक किमती कंपनीने संकेतस्थळावर उघड ठेवल्या पाहिजेत. आपण तिथली गुणपत्रिका घेतली, तर तिच्या मागचे हे नियमही घ्यावे लागतील. नाहीतर नुसता आकडा उरेल.

आणि युरोपातच फ्रान्सने याआधी वेगळं केलं होतं. १ जानेवारी २०२१ पासून तिथे फोन, लॅपटॉप, टीव्ही, कपडे धुण्याचं यंत्र अशा वस्तूंवर १० पैकी गुण छापायला सुरुवात झाली. पाच कसोट्या होत्या, प्रत्येकीला सारखं वजन, आणि त्यांतली एक पूर्ण कसोटी सुट्या भागांच्या किमतीची. वस्तू केवढ्याची आणि तिचा भाग केवढ्याचा, याचं गुणोत्तर काढायचं. भाग महाग असेल तर गुण कमी. म्हणजे हे करता येतं. एका मोठ्या देशाने ते करून दाखवलं आहे.

किंमत इतकी महत्त्वाची का, याचा पुरावा माझ्या गाळ्यातला पुरेसा वाटत नसेल, तर तो जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीने लिहून दिलेला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो. लोक भडकले. कंपनीने माफी मागितली आणि वॉरंटीबाहेरची बॅटरी बदलून देण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. २०१८ चं सगळं वर्ष तो दर चालला. २ जानेवारी २०१९ ला कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून तिमाहीच्या कमाईचा अंदाज खाली आणला. मोठं कारण चीनमधली घसरण हे होतं. पण लोक नवे आयफोन कमी का घेत आहेत, याच्या कारणांत स्वस्तात बदलून मिळणाऱ्या बॅटरीचंही नाव त्या पत्रात होतं.

यात काय घडलं ते बघा. फोन तेच होते. त्यांचे स्क्रू, आतला गोंद, उघडायचे टप्पे, काहीच बदललं नव्हतं. फक्त ५० डॉलर कमी झाले, आणि लोकांनी जुने फोन ठेवून घेतले. तुमच्या सहा बाबींच्या तक्त्यावर त्या फोनांचे गुण आदल्या वर्षी होते तेच राहिले असते.

कुणी म्हणेल, किमती बदलत राहतात, छापील लेबलवर त्या कशा टिकणार? याचं उत्तर आपल्याच देशात, आपल्याच स्वयंपाकघरात आहे. फ्रिजवर ऊर्जा दक्षता ब्युरोचं तारांकित लेबल असतं. २००६ पासून आपण ते बघतोय. त्यावर नुसते तारे नसतात, वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडाही असतो. दुकानात आलेली बाई तारे मोजते आणि मग युनिट बघून बिलाचा हिशेब करते. विजेचा दर दरवर्षी बदलतो म्हणून तो आकडा कुणी काढून टाकला नाही. मोबाईलच्या गुणांखाली तसाच एक आकडा हवा: या फोनचा डिस्प्ले बदलायला, करासकट आणि मजुरीसकट, फोनच्या किमतीच्या किती टक्के खर्च येईल. दुसरा आकडा बॅटरीचा. क्यूआर कोड तर असणारच आहे, त्यात त्या दिवसाची किंमत दाखवता येईल. माझ्याकडे आलेल्या दहा फोनांपैकी सात-आठ याच दोन भागांसाठी येतात.

त्याच लेबलकडून आणखी एक गोष्ट घेता येईल. गुण कंपनीने स्वतःच काढायचे आणि स्वतःच जाहीर करायचे, असं समितीने सुचवलंय. फ्रिज आणि एसीचे तारेही कंपनीच्या चाचणीवर ठरतात, पण ब्युरो बाजारातून नमुने उचलून पुन्हा तपासतो. फ्रान्समध्येही गुण कंपनीच काढायची, पण मागणाऱ्याला त्यामागचा हिशेब दाखवावा लागायचा. आपल्याकडे नमुना कोण उचलणार आणि हिशेब कुणाला बघायला मिळणार, हे नियमात लिहिलेलं असावं. तपासायला माणसं कमी पडत असतील तर पुण्याच्या तापकीर गल्लीत, लॅमिंग्टन रोडवर, नाशिकच्या एम. जी. रोडवर विचारा. ज्यांनी आयुष्यभर फोन उघडले असे हात तिथे शेकड्यांनी आहेत.

आता कुलपाबद्दल. बाहेरच्या माणसाच्या ही गोष्ट चटकन लक्षात येत नाही. आजचे काही फोन असे आहेत की त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनमधला ओरिजिनल कॅमेरा काढून बसवला, तरी फोन त्याला ओळख देत नाही. भागाचा क्रमांक बोर्डशी सॉफ्टवेअरने बांधलेला असतो. मग ‘अनोळखी भाग’ अशी सूचना येते किंवा एखादी सोय बंद पडते. २०२१ मध्ये आयफोन १३ आला तेव्हा बाहेर डिस्प्ले बदलला की फेस आयडी, म्हणजे चेहरा ओळखून फोन उघडण्याची सोय, बंद पडायची. जगभरच्या कारागिरांनी आवाज उठवल्यावर ॲपलने ते मागे घेतलं.

स्क्रू मोजून हे कुलूप सापडत नाही. आयफिक्सिटवाले अमेरिकेत फोन उघडून १० पैकी गुण देतात, आणि त्यांचा हात या कामात पक्का आहे. आयफोन १४ ची आतली रचना त्यांना आवडली, २०२२ मध्ये त्यांनी ७ गुण दिले. वर्षभर लोकांनी तो प्रत्यक्ष दुरुस्त करायचा प्रयत्न केला, अडले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आयफिक्सिटने तोच आकडा ४ वर आणला, भाग बांधून ठेवण्याच्या या पद्धतीमुळे. इतक्या जाणत्या लोकांची पहिल्यांदा नजर चुकली, तर कंपनीने स्वतः भरलेल्या तक्त्यात हे कुलूप दिसेल अशी आशा मला नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने असं कुलूप घालायलाच कायद्याने बंदी केली. आपल्या निर्देशांकात निदान एवढं व्हावं: ज्या फोनमध्ये दुसऱ्याचा ओरिजिनल भाग पूर्ण चालत नाही, त्याला वरची श्रेणी मिळता कामा नये, बाकीचे गुण कितीही असोत.

बॅटरीचं बोललो नाही तर हे पत्र अपुरं राहील. १४ ऑगस्ट २००७ ला नोकियाने जाहीर केलं की बीएल-५सी बॅटरीच्या एका तुकडीत दोष आहे. जपानच्या मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या. मी तेव्हा लॅमिंग्टन रोडलाच होतो. दुसऱ्या दिवसापासून दुकानात झुंबड. मालकाने मला एका स्टुलावर बसवलं आणि दिवसभर मी एकच काम केलं: मागचं झाकण सरकवायचं, बॅटरी उलटी करायची, तिच्यावरचा २६ अक्षरी क्रमांक कागदावर उतरवून द्यायचा. कितीतरी जणांनी तर रांगेतच स्वतः झाकण काढलं. ज्यांची बॅटरी त्या तुकडीतली निघाली त्यांना नवी मिळणार होती. फोन, त्यातले नंबर, मेसेज, सगळं जागच्या जागी.

नऊ वर्षांनी सॅमसंगच्या गॅलॅक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेटायला लागल्या. २ सप्टेंबर २०१६ ला कंपनीने सुमारे २५ लाख फोन परत बोलावले. बॅटरी आत चिकटवलेली, त्यामुळे बॅटरीपायी अख्खा फोन परत करायचा. बदलून दिलेलेही पेटले, आणि ऑक्टोबरमध्ये ते मॉडेलच बंद करावं लागलं. दोष दोन्ही वेळा बॅटरीतच होता. एकदा माझ्यासारख्या शिकाऊ पोराने स्टुलावर बसून त्याचा निकाल लावला. दुसऱ्यांदा लाखो फोन भंगारात गेले.

पाणी आत जाऊ नये म्हणून बॅटरी चिकटवावी लागते, असं आम्हाला नेहमी ऐकवलं जातं. २०१४ चा गॅलॅक्सी एस ५ मी कितीदा उघडलाय. झाकण नखाने निघायचं, बॅटरी बोटाने निघायची, आणि त्याला पाण्यापासून आयपी६७ दर्जाचं संरक्षण होतं. ज्या कंपनीने तो बनवला तिने पुढच्या एस मालिकेत ती वाट सोडली. तंत्र अवघड होतं असं मला वाटत नाही.

आमच्या धंद्याबद्दलही खरं तेच सांगायला हवं. बाजारात कॉपी बॅटऱ्या आणि कॉपी डिस्प्ले आहेत, आणि आमच्यातले काही ते ओरिजिनल म्हणून खपवतात. फुगलेली बॅटरी फोन उचलून धरते, डिस्प्ले उखडते, आणि ती उघडताना माझा हात आजही थरथरतो. मला ओरिजिनल बॅटरी बसवायची असते. पण मी कंपनीचा अधिकृत माणूस नाही म्हणून ती मला विकत मिळत नाही. एका कंपनीच्या वितरकाकडे मी रोख पैसे घेऊन गेलो होतो, तेव्हा त्याने मला सर्व्हिस सेंटरचा पत्ता दिला. ‘सुटे भाग वाजवी वेळेत मिळतात’ याचे गुण मोजताना एवढं विचारा: कुणाला मिळतात? फक्त कंपनीच्या सेंटरला, की एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यालाही? तुमच्या विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, तेव्हा मी त्याच रात्री ते उघडलं होतं. माझ्या हातात असलेल्या एका फोनच्या कंपनीचं पान शोधलं आणि फिरून फिरून पुन्हा त्याच सर्व्हिस सेंटरच्या यादीपाशी आलो.

गावात फोन बिघडणं म्हणजे काय, हे दिल्लीत बसून कदाचित पूर्ण जाणवत नसेल. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा माझ्या गाळ्यापुढे बायकांची रांग असायची. कुणाचा चार्जिंग जॅक सैल, कुणाचा डिस्प्ले काळा, आणि ओटीपी त्याच बंद फोनवर यायचा. दीड हजाराच्या हप्त्यासाठी थांबलेली बाई सहा हजाराचा डिस्प्ले टाकणार नाही. त्या दिवसांत मी कित्येक सिमकार्डं काढून माझ्या जुन्या फोनमध्ये घातली, ओटीपी वाचून दाखवला आणि सिम परत केलं. याचे पैसे घ्यावेसे वाटले नाहीत.

म्हणून विनंती एवढीच आहे की हा निर्देशांक नियमात उतरवताना किंमत त्याच्या आत घ्या आणि तिला उरलेल्या बाबींइतकं तरी वजन द्या. डिस्प्ले आणि बॅटरीच्या खर्चाची टक्केवारी गुणांच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापायला लावा. ऑनलाइन विक्रीच्या पानावर ती खालच्या कुठल्यातरी कोपऱ्यात जाऊ देऊ नका. जाहीर केलेल्या किमतीत तो भाग माझ्यासारख्याला विकत मिळाला पाहिजे, हेही लिहा.

पत्रासोबत एक यादी जोडली आहे. गेल्या तीन महिन्यांत माझ्या टेबलावर सर्वांत जास्त आलेली २३ मॉडेलं, प्रत्येकाची नवी असतानाची किंमत, सर्व्हिस सेंटरने गिऱ्हाइकाला सांगितलेला डिस्प्लेचा दर, आणि शेवटच्या रकान्यात त्या गिऱ्हाइकाने पुढे काय केलं ते. वहीच्या पानांवर हाताने लिहिली आहे, अक्षर लागलं नाही तर मला विचारा. आणखी मॉडेलांची हवी असेल तर आमच्या जिल्ह्यातल्या बाकी कारागिरांकडून गोळा करून देतो. दोघा-तिघांशी बोलणं झालंय, ते तयार आहेत.

आपला,
एक मोबाईल कारागीर
एसटी स्टँडसमोर